खुडूक

आमच्या घरात ‘खुडूक’ हा शब्द कोंबडीपेक्षा माणसांच्याच वाट्याला जास्त येतो. सुट्टीच्या दिवशी मी दुपारपर्यंत गोधडीत मोबाईल घेऊन पडले, की आजी दारातून विचारते, “काय गं, खुडूक झालीस का?” बारावीच्या निकालानंतर चार दिवस खोलीबाहेर न आलेला माझा भाऊ खुडूक. लग्नाच्या हॉलमध्ये कोपऱ्यातली खुर्ची धरून बसलेली आत्या खुडूक. म्हणजे एका जागी रुतून बसलेलं, खाण्यापिण्याची शुद्ध नसलेलं, हात लावला तर अंगावर येणारं आणि त्या वेळी कुणाच्याच उपयोगाचं नसलेलं माणूस. शब्दातच तक्रार आहे.

मूळ शब्द मात्र कोंबडीचा. गावरान कोंबडी दहा-पंधरा अंडी घालते आणि मग एके दिवशी थांबते. खुराड्याच्या कोपऱ्यात जाऊन बसते, उठायचं नाव घेत नाही. जवळ गेलं की पिसं फुगवून दुप्पट होते, चोच मारते, आणि घशातून एक खोल, तुटक आवाज काढत राहते. तो आवाज एकदा ऐकला की हा शब्द कुठून आला असेल असा प्रश्नच पडत नाही. तुरा फिका पडतो. दिवसातून एकदा पंधरा-वीस मिनिटं उठते, घाईघाईने दाणे टिपते, पाणी पिते, मातीत अंग घुसळते आणि परत जागेवर. खाली अंडी असोत वा नसोत. खाली नुसता दगड असला तरी ती बसते.

मागच्या वर्षी महाशिवरात्रीच्या आठवड्यात आमची तांबडी अशी बसली आणि घरात पंधरा दिवस पुरेल एवढा वाद झाला.

आम्ही नाशिकला मखमलाबादला राहतो. एकेकाळी इथे द्राक्षांच्या बागा होत्या, अजूनही थोड्या आहेत. बाकी जमिनीवर रो-हाऊस, अपार्टमेंट आणि ‘सुपीक एनए प्लॉट’ असे विनोदी बोर्ड. आमचं घर जुनं, बैठं. मागे पेरूचं झाड, भिंतीला टेकून खुराडं, आणि त्यात आईच्या आठ कोंबड्या. आई अंडी विकते. पंधरा रुपयाला एक. त्यासाठी तिचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यात कॉलनीतल्या बावीस बायका आहेत, आणि सकाळी सातला ‘आज ५ आहेत’ असा मेसेज पडला की दोन मिनिटांत ती पाच अंडी संपलेली असतात.

हे पैसे आईचे. घरखर्चात ते जात नाहीत, कुणी विचारत नाही आणि ती सांगत नाही. मला एवढंच माहीत होतं की ती सेकंड हँड स्कूटीसाठी साठवते आहे. शिकाऊ लायसन्स तिने वयाच्या एकावन्नाव्या वर्षी काढलं होतं आणि ते सहा महिन्यांत संपतं. गाडी नव्हती म्हणून सराव नव्हता. म्हणजे तांबडीने अंडी बंद करणं ही आमच्याकडे फक्त कोंबडीची बातमी नव्हती.

आठपैकी सात कोंबड्या विकत आणलेल्या, सुधारित जातीच्या. आपल्याकडे परसबागेसाठी अशा बऱ्याच जाती तयार झाल्या आहेत. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज, हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाच्या वनराजा आणि ग्रामप्रिया. दिसायला रंगीत, गावरानसारख्या, पण वजन जास्त, अंडी जास्त. गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, या त्याच्या दुप्पट आणि वरही जातात. त्या खुडूक फारशा होत नाहीत. आमच्या सातपैकी एकही कधी झालेली नाही.

आठवी तांबडी. तिची गोष्ट वेगळी. आजीचं गाव हरसूलकडे. आजोबा गेल्यावर आजी आमच्याकडे राहायला आली तेव्हा एका डालग्यात दोन कोंबड्या आणि एक कोंबडा घेऊन आली. त्यांची पिल्लं, पिल्लांची पिल्लं, असं करत तो कळप बारावर गेला होता. तीन वर्षांपूर्वी मानमोडी आली. राणीखेत म्हणतात तो हाच रोग. मान वाकडी होते, हिरवट हगवण लागते आणि खुराडं दोन-तीन दिवसांत रिकामं होतं. बारातली एक वाचली. ही तांबडी. कोंबडा नवीन आणला, तर शेजारच्या अपार्टमेंटमधून पहाटेच्या बांगेची तक्रार आली आणि तो परत पाठवावा लागला. तेव्हापासून आमच्याकडे कोंबडाच नाही. कोंबड्याशिवायही कोंबडी अंडी देतेच, फक्त त्यातून पिल्लू निघत नाही. तांबडी बसली होती ती अशा, कधीच काही न होणाऱ्या अंड्यांवर. त्यातलीही तिची फक्त दोन. बाकीची सातजणींची, कारण चांगली उबदार जागा तिने अडवली होती आणि त्या येऊन तिच्या शेजारीच अंडी घालत होत्या. ती ती पोटाखाली ओढून घेत होती.

इथून खरा घोळ सुरू झाला. ग्रुपवरच्या एका काकूंनी फुटलेल्या अंड्याचा फोटो टाकला. पांढरं पाण्यासारखं, बलक पसरलेला. आईने त्यांना अर्धा डझन अंडी बदलून दिली आणि घरी येऊन म्हणाली, “हिला आता मोडलीच पाहिजे.”

‘खुडूक मोडणं’ हा प्रत्येकाकडे सल्ला असलेला विषय आहे. कॉलनीत एक दिवस फिरले तर मला चार उपाय मिळाले. थंड पाण्यात बुडवून काढ. पाय बांधून उन्हात ठेव. तिचंच पीस नाकपुड्यांतून आरपार घाल. डालग्याखाली तीन दिवस उपाशी कोंड. सगळ्यांत समान गोष्ट अशी की कोंबडीला शिक्षा द्यायची. जणू ती हट्ट करते आहे.

ती हट्ट करत नसते. तिच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढलेलं असतं. माणसाच्या बाईत दूध येण्यासाठी जे लागतं तेच. कोंबडीत ते वाढलं की अंडाशयाचं काम थांबतं, भूक मंदावते, पोटाखालची पिसं गळतात आणि तिथली कातडी उघडी, गरम होते. अंड्याला थेट अंगाची ऊब मिळावी म्हणून. हे चक्र अंधार, ऊब आणि पोटाला लागणारा अंड्यांचा स्पर्श यांवर चालतं. म्हणून ते थांबवायचं तर शिक्षा नको, उलटी परिस्थिती हवी. उजेड, खालून वारा, आणि बसायला मऊ काही नाही. पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आईला हेच सांगितलं. जाळीच्या तळाचा पिंजरा, जमिनीपासून उचललेला, आत दाणापाणी, तीन-चार दिवस.

नाशिकमध्ये यासाठी पिंजरा विकत घ्यावा लागत नाही. टोमॅटोची कॅरेट प्रत्येक घरी असतात. दोन कॅरेट तोंडाला तोंड लावून सुतळीने बांधली, चार विटांवर ठेवली, झाला पिंजरा. तांबडी त्यात उभी राहिली. उभीच. बसली की खालून वारा लागायचा, की परत उभी. तिचा तो घशातला आवाज रात्रीही चालू होता.

आजी पहिल्या दिवशी काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती पेरूखाली खुर्ची टाकून बसली आणि आईला म्हणाली, “बसू दे गं तिला. घरचं बी आहे ते.”

“आत्याबाई, अंड्यांच्या ऑर्डरी आहेत. आणि बसून करणार काय? खालची अंडी फुकट.”

“तिला काय कळतंय कुणाची अंडी? गावाकडून आणू.”

‘घरचं बी’ हा शब्द माझ्या डोक्यात अडकला. आमच्या भागात बियाण्यावर सगळे बोलतात. हायब्रीड टोमॅटोचं बी दरवर्षी दुकानातून आणावं लागतं. त्याच्या फळातलं बी पेरलं तर तसंच पीक येईल याची खात्री नसते. आमच्या शेजारच्या अकोले तालुक्यात, कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरेंना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली ती याच कामासाठी. गावरान वाणांचं बी घरात जपणं, वाटणं, पुन्हा पेरणं. बियाण्यात ही गोष्ट आपल्याला लगेच पटते. कोंबडीत ती कुणाला सुचत नाही, कारण कोंबडीत बी म्हणजे अंडं नव्हे. अंडं तर बाजारात हवं तेवढं आहे. बी म्हणजे अंड्यावर एकवीस दिवस बसायची तयारी.

थोडा विचार करा. जंगलात जी कोंबडी अंड्यांवर बसत नाही, तिचा वंश तिथेच संपतो. सह्याद्रीतली रानकोंबडी असो की आपल्या पाळीव कोंबडीची मूळ पूर्वज असलेली लाल रानकोंबडी, लाखो वर्षं निसर्गाने फक्त खुडूक होणाऱ्याच पुढे पाठवल्या. मग माणसाने उबवणी हातात घेतली. इजिप्तमध्ये दोन हजार वर्षांपेक्षाही आधीपासून मातीच्या भट्ट्यांमध्ये अंडी उबवत असत. गेल्या शतकात विजेवर चालणारी यंत्रं आली आणि हिशोब पूर्ण उलटला. अंडी यंत्र उबवणार असेल, तर बसणारी कोंबडी म्हणजे नुसता तोटा. दोन-तीन महिने अंडी बंद. म्हणून निवड करणाऱ्यांनी पिढ्यानपिढ्या न बसणाऱ्या कोंबड्या पुढे पाठवल्या. व्हाईट लेगहॉर्न ही त्यातली सगळ्यांत यशस्वी. आज लेयर फार्मवरची कोंबडी वर्षाला तीनशेवर अंडी देते आणि आयुष्यात बहुधा एकदाही खुडूक होत नाही.

हे यश लहान नाही. पुण्यातल्या वेंकटेश्वरा हॅचरीजच्या बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने १९८२ मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली, अंड्याचा भाव व्यापाऱ्याऐवजी उत्पादकांनी जाहीर करायला सुरुवात केली. आज टपरीवरची भुर्जी, हॉस्टेलमधलं उकडलेलं अंडं, हे सगळं त्या न बसणाऱ्या कोंबडीच्या जोरावर आहे. मी स्वतः त्याच अंड्यांवर वाढले. फक्त त्या कोंबडीच्या मागे नेहमी एक हॅचरी लागते. वीज, यंत्र, गाडी आणि पैसे. कळप संपला की परत दुकान.

आणि कळप संपतात. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आला, देशातला पहिला. मोठ्या फार्मवरच्या लाखो कोंबड्या मारल्या गेल्या, आणि त्यांच्याबरोबर आसपासच्या वस्त्यांतल्या परसातल्याही. पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यातल्या गावांत तेच. फार्म पुन्हा उभे राहतात, त्यांना पिल्लं पुरवणारी यंत्रणा असते. आदिवासी पाड्यावर मात्र चार कोंबड्या पुन्हा जमवायचा रस्ता एकच होता आणि आहे. कुणाकडून तरी एक बसणारी कोंबडी आणायची, वाट्याने. पिल्लं निघाली की निम्मी तिची, निम्मी आपली. पैसे लागत नाहीत. आजीच्या लग्नानंतरचा पहिला कळप असाच उभा राहिला होता, नणंदेच्या कोंबडीवर.

आईला मात्र या कशाने फरक पडला नाही. तिने कालनिर्णयचं जुनं पान उलटं केलं आणि हिशोब मांडला. तांबडी बसली तर एकवीस दिवस, पुढे पिल्लांमागे दोन महिने. तेवढ्या काळात तिने घातली असती अशी अंडी अठ्ठावीस. चारशेवीस रुपये गेले. उलट बाजूला, महिन्याचं सुधारित पिल्लू आम्हाला एकशेवीसला पडतं. बारा अंड्यांतून सहा जगली तरी सातशेवीस. खाद्य वेगळं. मग तिने पेन्सिल ठेवली आणि म्हणाली, “शनिवारी जाऊन अंडी घेऊन ये. सात दिवसांच्या आतलीच आण.”

आजी हसली नाही की जिंकल्यासारखं काही बोलली नाही. उठून कॅरेटची सुतळी सोडायला गेली.

शनिवारी मी भावाला घेऊन मोटरसायकलवर निघाले. गिरणारे, वाघेरा घाट, हरसूल. आजीच्या भाचेसुनेने बारा अंडी काढून ठेवली होती, मध्यम आकाराची, न धुतलेली. अंडं धुतलं की वरचा पातळ थर जातो आणि जंतू आत शिरायला वाट मिळते, हे तिला कुणी शिकवलं नसावं, तिच्याकडे तसं करतच नाहीत. स्टीलच्या डब्यात भाताच्या तुसात अंडी रोवली, निमुळतं टोक खाली. डबा मांडीवर घेऊन मी घाट उतरले. घरी आल्यावर एक दिवस ती तशीच स्थिर ठेवली. रविवारी रात्री, अंधारात, आजीने तांबडीच्या खालून जुनी अंडी काढली आणि नवी सरकवली. तांबडीने एकेक अंडं चोचीने ओढून पोटाखाली घेतलं. खुराड्याच्या दारातून ते बघताना माझ्या लक्षात आलं की आई मागे येऊन उभी आहे.

पुढचे दिवस बाहेरून बघणाऱ्याला काहीच घडत नाही असे. पण आत ती सतत काम करत असते. अंडी दिवसातून कितीतरी वेळा फिरवते, कडेची मधे, मधली कडेला. यंत्राला हेच करायला मोटर लागते. अंडं साडेसदतीस अंशांच्या आसपास ठेवावं लागतं. फेब्रुवारी संपताना नाशिकला पहाटे हुडहुडी आणि दुपारी घाम, आणि ती थर्मामीटरशिवाय ते जमवते. थंडीत चपटी होऊन बसते, उकाड्यात पंख सैल सोडून धापा टाकते.

सातव्या रात्री आम्ही अंडी तपासली. मोबाईलचा टॉर्च, मूठ आणि अंधार एवढंच लागतं. अंड्याचं रुंद टोक प्रकाशावर धरलं की आतलं दिसतं. जिवंत अंड्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा आणि मधे एक गडद ठिपका. भावाने धरलेल्या तिसऱ्या अंड्यात तो ठिपका हलला. दोन अंडी आरपार स्वच्छ निघाली, ती काढली. आईने स्वतःच्या फोनवर एक व्हिडिओ घेतला आणि ग्रुपवर टाकला. खाली प्रश्नांची रांग लागली. त्या रात्री पहिल्यांदा त्या ग्रुपवर अंड्याच्या भावाशिवाय दुसरं काही बोललं गेलं.

पाडव्याच्या तीन दिवस आधी अंड्यांतून चिवचिव ऐकू येऊ लागली. फुटायच्या आधीच पिल्लं आतून बोलतात आणि कोंबडी घशातून उत्तर देते. दहातलं एक आतच गेलं. नऊ निघाली. सगळी एका वेळी नाही, दीड दिवस लागला. तांबडी तेवढा वेळ उठली नाही. पहिल्या पिल्लाला त्याची घाई नसते, पोटात ओढून घेतलेल्या बलकावर ते दोन दिवस काढू शकतं. शेवटचं सुकलं तेव्हा ती उठली आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं ओरडली.

सातव्या दिवशी मानमोडीविरुद्ध लासोटा लसीचा थेंब प्रत्येक पिल्लाच्या डोळ्यात टाकला. तीन वर्षांपूर्वीच्या रिकाम्या खुराड्यानंतर त्यावर वाद नव्हता. तरी नऊची सहा झाली. दोन मुंगसाने नेली, एक भिंतीवरच्या बोक्याने. तांबडी बोक्याच्या अंगावर गेली होती, तिची शेपटीची पिसं अंगणभर पडली होती. आईचा सहाचा अंदाज बरोबर निघाला, पण ते बरोबर निघाल्याचा आनंद तिने केला नाही.

सहांतल्या तीन तलंगा, तीन कोंबडे. दोन कोंबडे दिवाळीच्या आधी विकले. गावरान कोंबड्याला मिळणारा भाव बघून आईने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच तिला आधी सांगायला हवं होतं. तिसरा बांग द्यायला लागला तसा वाघेरा घाट चढून हरसूलला गेला. वाट्याचं देणं म्हणून. स्कूटी अजून आलेली नाही. लायसन्स मात्र आईने पुन्हा काढलंय, आणि भावाच्या गाडीवर रविवारी सकाळी गंगापूर रोडला सराव करते.

तांबडीच्या पोटच्या अंड्यातलं एकही पिल्लू त्या सहांत नव्हतं. डालग्यातून आलेल्या त्या कळपाचं रक्त तिच्याबरोबर संपेल. मी हे एकदा आजीला म्हटलं. ती तांदळाची कणी पाखडत होती. म्हणाली, “रक्ताचं काय घेऊन बसलीस. बसायचं कुणाकडून शिकल्या ते बघ.” कोंबडी बसायला शिकत नाही, ते जन्मतः असतं, हे मला माहीत होतं. मी काही बोलले नाही.

या वर्षी संक्रांतीनंतर तीन तलंगांपैकी कबरी खुराड्याच्या कोपऱ्यात जाऊन बसली आहे. काल संध्याकाळपासून उठलेली नाही. हात लावला तर फुगते. सकाळी सातचा मेसेज आईने टाकला तो असा होता: ‘आज ३ आहेत. कबरी बसलीय. पिल्लं कुणाला हवी असतील तर आत्ताच सांगा.’ मी हे लिहीपर्यंत अकरा जणींची नावं आली आहेत.